साडूंचं हिवाळी अधिवेशन

साडू या नात्याला शास्त्रात फारसं स्थान नाही, पण स्पर्धेला भरपूर वाव आहे. दोघांचा सासरा एक, त्यामुळे कुणाचं पान आधी वाढलं गेलं हा हिशेब जन्मभर मिटत नाही. आमच्या बाबतीत त्यात भूगोलाची भर पडली. मी कोल्हापूरचा, साडू नागपूरचे. पुण्याच्या आमटीत गूळ जास्त आणि मुंबईच्या रश्श्यात जीव कमी, इथपर्यंत आमचं एकमत असतं. पुढे बिघडतं ते मिरचीवरून. ज्याच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात संकेश्वरी मिरची वाळते, त्याने दुसऱ्या कुणाचं तिखट मानू नये असे माझ्यावरचे संस्कार. साडूंच्या गच्चीवर भिवापुरी वाळते आणि संस्कार हेच.

सासरच्या एका लग्नात आम्ही खास आपल्या आचाऱ्याकडून तांबडा रस्सा करून घेतला होता. साडूंनी तो भुरका मारून चाखला, थोडा वेळ मांडवाच्या छताकडे पाहिलं आणि विचारलं, "छान आहे जी. लेकरांसाठी वेगळा केला का?"

त्या वाक्यानंतर मला नागपूरला जाणं भागच होतं.

"डिसेंबरात या," साडू फोनवर म्हणाले. "थंडी राह्यते, संत्री राह्यते, अन् सरकारबी राह्यते."

सरकार राहतं हे खरं. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. विदर्भ मराठी राज्यात यावा म्हणून २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला, त्यात वर्षातून एकदा तरी विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरावं असं ठरलं. राजधानी गेली आणि बदल्यात डिसेंबरातला हा पाहुणचार आला. करारातली बाकीची कलमं कितपत पाळली गेली यावर विदर्भात कुणाशीही बोलायला बसलं तर रात्र पुरत नाही. साडूंचं मत मात्र दोन वाक्यांत संपतं. "अनुशेषाचं आपल्याले समजत नाही. आमदार लोकं सावजी खाऊन जाते, तेवढं कलम कडक पाळलं जाते."

कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेस दुपारी सुटते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपूर दाखवते. तिथेही ती थांबत नाही, गोंदियापर्यंत जाते. पुढे राज्यच संपतं, नाहीतर गेली असती. या गाडीत बसल्यावर संयुक्त महाराष्ट्र ही किती लांबलचक गोष्ट आहे ते पाठीच्या कण्याला कळतं. मी शेगावला कचोरी घेतली. तिची चव पाहून पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज यायला हवा होता असं बायको म्हणाली. मला फक्त भूक लागली होती.

घरी पोचलो तर ताईंनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीने, सांबारवडी करायला घेतली होती. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर माणूस इडली कुठे आहे ते शोधत बसतो. डिसेंबरात कोथिंबीर स्वस्त, त्यामुळे ती चिमटीने नव्हे, जुडीने घालायची. निवडून, धुऊन, फडक्यावर अगदी कोरडी करून घेतलेली. तिच्यात सुकं खोबरं, खसखस, तीळ, चारोळी, तिखट. बेसनात थोडी कणीक मिसळून पारी लाटायची, तिला आतून चिंचगुळाचं बोट फिरवायचं, सारण भरायचं, पाकिटासारखी घडी घालायची आणि तळायची. पारी जाड झाली की वडी फसली, आणि कोथिंबीर ओली राहिली की तेल अंगावर आलं. ताईंच्या वडीची पारी इतकी पातळ की आतला हिरवा रंग बाहेरून दिसत होता. सोबत कढी. मी वड्यांवर वड्या हाणत होतो तेव्हा साडू शांतपणे म्हणाले, "आरामात घ्या. हे कामकाजात धरलेलं नाही."

कामकाज उद्यापासून होतं. साडूंनी चक्क कार्यक्रमपत्रिका आखली होती. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत, आणि अधिवेशनाच्या काळात मुंबईहून आलेल्या साहेबांची सोय लावण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेलीत. कुठल्या साहेबाला काय पचलं आणि कुणाची सुनावणी दुसऱ्या दिवशी कशामुळे पुढे गेली, याच्या नोंदी त्यांच्या डोक्यात आहेत. इतिहास संशोधकांनी त्यांच्याकडे एकदा बसावं.

सकाळी पहिल्यांदा झिरो माइल. चार घोडे आणि एक दगडी खांब. ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्याने १९०७ मध्ये इथे उंची मोजण्याची खूण ठेवली. हाच देशाचा मध्यबिंदू असं नागपूरकर सांगतात, आणि त्यात शंका काढणं त्या शहरात आरोग्याला चांगलं नाही. मी घोड्यांचे फोटो काढत होतो. साडूंनी घड्याळ पाहिलं. "मध्य पाहिला ना? चला. पोहे संपून जाईन."

नागपूरचे पोहे ठेल्यावर, उभ्याने, पानटपरीच्या शेजारी खायचे असतात. कस्तुरचंद पार्काच्या आसपास सकाळी जी माणसं रस्त्यात उभी दिसतात त्यांना बसची वाट पाहणारी समजू नये. कढईत पिवळे पोहे, आणि शेजारी पातेल्यात हरभऱ्याचा पातळ रस्सा. त्या रश्श्यावर लाल तेलाचा जो तवंग असतो तो म्हणजे तर्री. आमच्याकडे मिसळीला कट असतो, तेव्हा हा प्रकार मला नवा नव्हता. नवीन होती ती पळी. ठेलेवाल्याची पळी पातेल्यात आडवी फिरली की नुसती तर्री वर येते, उभी गेली की तळाचे हरभरे येतात. गिऱ्हाईक काहीच सांगत नाही. तो एकदा तोंडाकडे पाहतो आणि पळी आडवी घालायची की उभी ते ठरवतो. माझ्या तोंडाकडे पाहून त्याने पळी उभी घातली.

हा अपमान साडूंनी पाहिला, पण मोठ्या मनाने काही बोलले नाहीत. मीच म्हणालो, "तर्री अजून."

"और मारू क्या भाऊ?"

"मारा."

पळी आडवी झाली. पोहे दिसेनासे झाले. वर कच्चा कांदा, थोडा चिवडा. पहिल्या घासाला मी साडूंकडे विजयी मुद्रेने पाहिलं आणि रिकामी प्लेट पुन्हा पुढे केली. "या पुरवणी मागण्या," साडू ठेलेवाल्याला म्हणाले, "चर्चेविना मंजूर."

आमच्या डाव्या हाताला गळ्यात उपरणी घातलेले मोर्चेकरी होते, उजव्या हाताला त्यांना अडवायला आलेले पोलिस. अधिवेशनाच्या दिवसांत राज्यभरातून मोर्चे येतात आणि ते विधानभवनाच्या बरंच अलीकडे अडवले जातात. अडवाअडवीला अजून दोन तास होते. तोवर दोन्ही बाजू एकाच पातेल्यातून खात होत्या. एक शिक्षक आपल्या थकलेल्या पगाराचं गाऱ्हाणं एका हवालदाराला सांगत होता आणि हवालदार त्याला स्वतःच्या बदलीचं सांगत होता. मागण्या मान्य करण्याचा अधिकार दोघांनाही नव्हता, म्हणून संवाद फार चांगला चालला होता.

पोह्यांनंतर समोसा. तोही कुस्करून वर तर्री घालून. त्यानंतर चहा. सदरमधल्या डॉली चहावाल्याकडे जाऊ या, असं बायको म्हणाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये बिल गेट्स त्याच्या हातचा चहा पितानाचा व्हिडिओ जगभर फिरला, तोच हा. मोठा काळा चष्मा, मोकळे केस, आणि दूध हात उंच करून पातेल्यात सोडण्याची तऱ्हा. गेट्स नागपुरात चहा पिऊन गेले असं मी धरून चाललो होतो, पण तो व्हिडिओ हैदराबादचा. डॉलीलाच तिकडे बोलावून घेतलं होतं. साडूंना याचं अजून वाईट वाटतं. "एवढा मोठा माणूस. नुसत्या चहावर वापस गेला. तर्री दाखवाले पाह्यजे होती."

दुपारी घरी वडाभात. याचं वर्णन लांबवत नाही, कारण खाताना मी बोलत नव्हतो. डाळी भरड वाटून केलेले वडे, गरम भातावर कुस्करायचे, वर लाल मिरचीची फोडणी घातलेलं तेल ओतायचं, बाजूला कढी. ताई ते तेल पळीने वाढतात. पुरे म्हणायला तोंड उघडावं तर तोवर दुसरी पळी पडलेली असते. विदर्भातला आग्रह हा वाढणाऱ्याच्या मनगटात असतो, जिभेवर नसतो.

मिठाईचा तास इतवारीच्या वाटेवर. हल्दीरामचं मूळ बिकानेरचं, १९३७ सालचं. घराण्यातले शिवकिशन अग्रवाल नागपूरला आले आणि भुजियाने नागपूरचं रेशनकार्ड काढलं. आज परदेशातल्या दुकानात लटकणाऱ्या पाकिटावर या गावाचा पत्ता असतो. बायकोने संत्रा बर्फी घेतली. खवा, साखर आणि संत्र्याचा गर, वर केशरी रंग. कोल्हापूरच्या नातेवाइकांना नागपूरहून काय आणलं या प्रश्नाचं हे एकमेव उत्तर आहे आणि ते सगळ्यांना आधीच माहीत असतं. खरी संत्री मात्र साडूंनी विकत घेऊ दिली नाहीत. नागपूरकर संत्री विकत घेत नाही. प्रत्येकाचा कुणीतरी काटोलला किंवा नरखेडला असतो, तो पोतं पाठवतो, आणि मग घरात ती संपवायची कशी यावर बैठका होतात. आमच्या तिथल्या मुक्कामात प्रत्येक संभाषण सालं काढत झालं.

रात्री सावजी. इतका वेळ जे चाललं होतं ते स्थगन प्रस्तावासारखं, मुख्य विषय हा.

सावजी ही मूळची हळबा कोष्टी समाजाची पाककला. विणकर मंडळी. भोसल्यांच्या राजवटीत नागपूरच्या लुगड्या-धोतरांना नाव होतं, ती यांच्या हातमागावरची. पुढे १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. व्हिक्टोरिया राणी त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, म्हणून गिरणीला ते नाव. गिरण्या आल्या, हातमाग मागे पडले, नंतर गिरण्याही गेल्या. हाताचं काम सुटलेल्या घरांनी घरातलं रांधणं बाहेर मांडलं, असं जुने लोक सांगतात. आज नागपूरच्या जुन्या वस्त्यांत हिंडलं तर 'सावजी भोजनालय' या पाटीशिवाय चौक सापडत नाही. प्रत्येक पाटीवर 'ओरिजिनल' लिहिलेलं. सगळेच मूळ असल्यामुळे भांडण होत नाही.

आम्ही गेलो ते भोजनालय एका बोळात होतं. खाली सनमायकाची टेबलं, भिंतीवर पंढरपूरचा विठोबा आणि त्याच्याखाली मटणाच्या प्लेटचे भाव. शेजारच्या टेबलावर खादीच्या कडक इस्त्रीची मंडळी बसली होती. त्यातले दोघे सकाळी टीव्हीवर एकमेकांच्या अंगावर धावून जाताना मी पाहिले होते, किमान त्यांच्यासारखे दिसणारे तरी. आता एक दुसऱ्याच्या ताटात लिंबू पिळत होता.

वाढप्याने एका दमात म्हणून दाखवलं, "मटण, चिकन, खिमा, कलेजी, खूर, मुंडी, सुंदरी."

"सुंदरी म्हणजे?" मी विचारलं.

"बकऱ्याचं आतडं," साडू म्हणाले. "पण नाव घेऊन पाहा, बरं वाटते."

बायका शाकाहारी बाजूला होत्या. त्यांच्यासाठी डाळकांदा आणि पाटोडी रस्सा आला. बेसनाच्या वड्या त्याच रश्श्यात, तेव्हा शाकाहारी म्हणजे सौम्य असा समज करून घेऊ नये. आमच्यापुढे मटणाची वाटी आली. मी वाटी उजेडात धरली. तांबडा रस्सा तांबडा असतो, पांढरा पांढरा असतो, यात कोल्हापूरचा प्रामाणिकपणा आहे. हा रस्सा काळा होता. वर तेल, आणि तेलाखाली काय चाललंय त्याचा पत्ता नाही. मिरे, लवंग, जायपत्री, शहाजिरे, दगडफूल, खसखस, असं बरंच काही भाजून वाटलेलं. दाटपणाला ज्वारीचं पीठ. पूर्वी जवसाच्या तेलात करायचे. मसाल्यात जिन्नस किती, हे प्रत्येक सावजी वेगळं सांगतो आणि कुठलाच सावजी पूर्ण सांगत नाही.

पहिला घास घेतला. काही झालं नाही.

मी साडूंकडे पाहिलं. लग्नातलं ते छताकडे पाहणं मला आता परत करायचं होतं. मान वर केली, वाक्य तयार होतं, आणि तेवढ्यात कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कोल्हापूरचं तिखट पुढच्या दारावर बेल वाजवून येतं, सावजी मागच्या दाराने शिरतं आणि आपल्याला कळतं तेव्हा ते स्वयंपाकघरात बसलेलं असतं. जिभेला विशेष काही वाटत नाही. घसा जागा होतो, मग कान, मग टाळू. डोळ्यांतून पाणी आलं ते मी चष्म्याच्या निमित्ताने पुसलं.

"कसं आहे जी?" साडू.

"चांगलं आहे," मी म्हणालो. आवाज माझा होता, पण पट्टी वरची.

"तिखट लागून राह्यलं का?"

"छे."

"अजून रस्सा घ्या मग."

रस्सा ओतला गेला. मी भाकरी मोडली. आणि आता जे सांगतो ते मी शपथेवर सांगायला तयार आहे. साडूंच्या कपाळावर, भर डिसेंबरात, पंख्याखाली, घामाचे थेंब होते. त्यांनी तिसरं लिंबू पिळायला घेतलं होतं. हात किंचित कापत होता. आमची नजरानजर झाली. दोघांनीही ती पाहिली नाही असं ठरवलं. पुढचा बराच वेळ आम्ही हवेबद्दल बोललो.

भात येईपर्यंत दोघांनाही ऐकू कमी येत होतं. वाढप्या तांब्या घेऊन आला तेव्हा दोन हात एकदम पुढे गेले. पलीकडच्या टेबलावरून ताईंचा आवाज आला, "यांना सांगा भाऊजी, घरी दर सावजीनंतर दोन दिवस मुगाचं वरण अन् तुपाचा भात लागते." साडूंनी या विधानाला कामकाजातून वगळण्याची विनंती केली. ती फेटाळली गेली.

बाहेर पडल्यावर साडूंचा एक जुना परिचित भेटला. तो खर्रा घोटवत उभा होता. सुपारीची भरड, तंबाखू, चुना, सगळं प्लास्टिकच्या तुकड्यात घालून फळीवर घासायचं, घासतच राहायचं, गप्पा संपेपर्यंत. नागपुरात ओळख निघते ती बहुधा अशा फळीजवळ. त्याने मलाही पुढे केला. मी नको म्हटलं. त्या रात्री माझ्या तोंडात आणखी कशाला जागा नव्हती, आणि एरवीही हा पदार्थ कॅन्सरच्या डॉक्टरांना धंदा देतो एवढंच त्याचं कर्तृत्व.

एक गोष्ट राहिली, ती दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला पाहिली. लांब रोटी. चुलीवर मडकं पालथं घातलेलं, शेजारी पातळ, सैल मळलेली कणीक. बाई एक गोळा उचलते, या हातावरून त्या हातावर झेलत झेलत तो कोपरापर्यंत लांबवते आणि त्या पालथ्या मडक्यावर अलगद सोडते. लाटणं नाही, पोळपाट नाही. रोटीतून पलीकडचा माणूस दिसतो. मी बराच वेळ उभा राहिलो. बाईंनी शेवटी विचारलं, "घेता का नुसतं पाहून राह्यले?" दोन घेतल्या. नागपूरच्या चार घोड्यांपेक्षा हे दृश्य मला मोठं वाटतं, आणि याला कुणी खांब उभारलेला नाही.

आता निकाल. तांबडा रस्सा आणि सावजी यांत अधिक तिखट कोणतं, हा प्रश्न आवाजी मतदानाने सुटत नाही हे आमच्या लक्षात आलंय, कारण मतदानाच्या वेळी दोघांचाही आवाज गेलेला असतो. माझं मत नोंदवून ठेवतो. तिखटात सावजी पुढे आहे, चवीत तांबडा. साडूंना यातलं पहिलंच वाक्य ऐकू आलं.

तुम्हाला जायचं असेल तर डिसेंबर बरा, संत्री आणि थंडी दोन्ही मिळतात. सावजीत पहिल्यांदा जाल तेव्हा रस्सा वेगळ्या वाटीत मागा आणि भात आधीच सांगून ठेवा. अधिवेशन चालू असताना मात्र जाऊ नका, बोळांतल्या भोजनालयांत टेबल मिळत नाही. ते संपलं की जा. फार वाट पाहावी लागणार नाही. २०२४ चं अधिवेशन १६ डिसेंबरला सुरू झालं आणि २१ ला संपलं.